अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

मराठी म्हणी फार गुणी आहेत; पण त्यांतल्या काही म्हणी काम करणाऱ्याने केलेल्या नसून काम करवून घेणाऱ्याने केलेल्या आहेत, असा मला दाट संशय आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही त्यांतलीच. म्हण म्हणून बांधणी झकास. ठेका आहे, यमक जुळवायला जागा आहे, आणि चार शब्दांत समोरचा गप्प! पण न्यायाधीश म्हणून ती अगदीच कच्ची. आरोपीचं ऐकून घेणं नाही, अंगणाची पाहणी नाही, थेट निकाल.

तिचं दुसरं चरण तर आणखी अन्यायी: 'रांधता येईना ओली लाकडे.' हे ज्याने रचलं त्याने श्रावणात चूल पेटवलेली नसावी. ओल्या लाकडातलं पाणी उडून जाईपर्यंत जाळाची बरीचशी उष्णता त्या पाण्यावरच खर्च होते. उरतो तो धूर. म्हणजे फुंकणी फुंकून डोळे लाल झालेल्या बाईचं म्हणणं थेट पदार्थविज्ञानाला धरून होतं. आणि पाटावर बसून वाट पाहणाऱ्याने त्यावर म्हण केली!

परवा या म्हणीचा प्रयोग आमच्या शेजारी झाला. तिथली तीन जुनी सागवानी दारं पावसाने फुगली होती. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे दार चौकटीला कडेने घासतं आणि लावायला खांदा लागतो. सुताराने काम उक्तं घेतलं होतं. तीन दारं, एक दिवस. सकाळी उंबऱ्यातच तो म्हणाला, "काका, मशीनचा रंधा भाच्याकडे राहिला. तो दुसऱ्या साईटवर आहे, फोन उचलत नाही. हातरंध्याने करतो, पण आज सगळं होणार नाही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणीचा पूर्वार्ध ऐकवला. उत्तरार्धही आला असता, पण आतून चहा आला. चहानंतर मात्र पुरवणी जोडली : "अहो मिस्त्री, पूर्वीचे सुतार काय मशिनी घेऊन फिरत होते?"

प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणूनच तो तपासायला हवा. हातरंधा पुरातन आहे, कबूल. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातही रंधे सापडले आहेत. विजेचा हातात धरायचा रंधा मात्र अलीकडचा. जपानमध्ये माकिता कंपनीने तो १९५८ साली बाजारात आणला. त्याचं पातं मिनिटाला १५ हजारांच्या आसपास फेरे घेतं. हातरंध्याचं पातं हातोडीच्या टिचक्या मारमारून बसवावं लागतं, मध्ये गाठ आली की रंधा उडी मारतो, रेषा उलटी फिरली की लाकूड उचकटतं. पूर्वीचे सुतार हे सारं करीत होते. पण पूर्वीच्या सुताराला तीन दारं एका दिवसात कोण मागत होतं? दर ठरवताना मशीनचा हिशेब लावायचा आणि मशीन राहिलं की आजोबांच्या रंध्याची आठवण काढायची, हा कुठला न्याय?

मिस्त्रीने वाद घातला नाही. बिजागऱ्यांतून दार सोडवलं, आडवं केलं आणि रंधा मारायला लागला. दर पाच मिनिटांनी त्याचा उजवा अंगठा रंध्याच्या डोक्यावर काही तरी चाचपायचा. मशीनवर पात्याची खोली कमीजास्त करायची मूठ असते तिथे. मूठ भाच्याकडे होती, अंगठा इथे होता. दिवसाअखेर दीड दार झालं. तिन्ही दारं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसली. आता ती एका बोटाने लागतात. नाचता उत्तम येत होतं! दुसरीकडचा एक खाडा मात्र मिस्त्रीच्या पदरात पडला.

खोट्या सबबी सांगणारे नसतात असं कुठं आहे? पुष्कळ आहेत. पण त्यांना ओळखायची एक साधी खूण आहे : तक्रार कधी केली? काम बिघडल्यावर जो अंगणाकडे बोट दाखवतो, त्याला म्हण खुशाल ऐकवावी. पण जो घुंगरू बांधायच्या आधीच 'अंगण जरा वाकडं आहे, वेळ लागेल' असं सांगून मग नाचतो, तो सबब सांगत नसतो, माहिती देत असतो. आपल्या म्हणीला आधी आणि नंतर यांतला फरकच कळत नाही.

शिवाय ती ऐकवतानाही आपण माणूस पाहतो. २००४ साली सचिन तेंडुलकरचं कोपर दुखावलं, तेव्हा त्याच्या बॅटच्या वजनावर गल्लोगल्ली गंभीर चर्चा झाली. म्हण कोणालाही आठवली नाही. बँकेत खिडकीपलीकडचा माणूस 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतो. आपण 'बरं' म्हणून घरी येतो. वर बायकोला सांगतो, 'तो तरी बिचारा काय करणार?' त्याला कोणी विचारत नाही, 'पूर्वीचे कारकून काय सर्व्हर घेऊन बसत होते?' खरं तर ते जाड खतावण्या घेऊन बसत आणि बेरजा बोटांवर करीत. पण सर्व्हर पडला तरी पगार पडत नाही. मिस्त्रीचा रंधा राहिला की रोज जातो.

ही म्हण कोशातून काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. बोलायला ती फार सोयीची आहे. फक्त वापरण्याआधी एकदा अंगणात उतरून पाहावं. आणि नाचणारा पगारावर आलाय की उक्त्या कामावर, एवढं विचारून घ्यावं.