नायकाचं दुःख नियमांना कळतं का?

कादंबरीतला नायक वाईट वागला, तर वाचक त्याच्यावर रागावून मोकळा होतो. रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आरपीजीमध्ये, ती सोय नाही. बटण खेळाडूनेच दाबलेलं असतं. या कलेचं बळ आणि तिच्या अडचणी दोन्ही इथून सुरू होतात.

रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४'ने (१९८५) हे फार लवकर ओळखलं. त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवणं हेच ध्येय. आंधळी विक्रेती माल देते आणि पैसे खेळाडूने आपणहून मोजून द्यायचे असतात. कमी दिले तर तेव्हा कुणी हटकत नाही, पण गेम त्याची नोंद ठेवतो.

पुढे नायकाबाबत दोन वाटा रूढ झाल्या. जपानच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने (१९८६) नायकाला जवळजवळ मुका ठेवला, त्याच्या जागी खेळाडूने स्वतःला पाहावं म्हणून. 'फायनल फँटसी ७'मधल्या (१९९७) क्लाउडला मात्र स्वतःचा स्वभाव आहे, गतायुष्य आहे, आणि ते गतायुष्य तो चुकीचं सांगतो. ज्या आठवणींवर विसंबून आपण कित्येक तास खेळलो, त्याच खोट्या निघतात.

नायक कोरा असावा की घडवलेला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला तो अपुरा वाटतो. 'फॉलआउट ४'ने (२०१५) नायकाला आवाज दिला, संसार दिला, जोडीदाराचा खून आणि बाळाचं अपहरण दिलं. पण खेळाडू बाळाचा शोध सोडून कितीही काळ वस्त्या बांधत आणि भंगार गोळा करत हिंडला, तरी काहीच बिघडत नाही. त्याच बेथेस्डा कंपनीच्या नंतरच्या 'स्टारफील्ड'मध्ये (२०२३) नायक पुन्हा निःशब्द झाला. खरा दोष आवाजात नव्हताच. कथेने सांगितलेलं दुःख खेळाच्या नियमांना ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असलं की काय होतं, हे 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये (२०१८) दिसतं. १५व्या शतकाच्या आरंभीच्या बोहेमियातला लोहाराचा मुलगा हेन्री निरक्षर आहे. लेखनिकाकडे शिकेपर्यंत पुस्तकातली अक्षरं खेळाडूलाही विस्कटलेलीच दिसतात. त्याचं अज्ञान आपल्याला स्वतः सोसावं लागतं.

स्मृतिभ्रंश ही आरपीजीतली सर्वांत घासून गुळगुळीत झालेली युक्ती, पण तिच्यातूनच दोन थोर कृती निघाल्या. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'चा (१९९९) निनावी नायक कायमचा मरत नाही, मृत्यूनंतर पुन्हा उठतो आणि बहुतेकदा आधीचं आयुष्य विसरतो. त्या विसरलेल्या आयुष्यांत त्याने ज्यांना फसवलं, ते भेटत राहतात. आपण न केलेल्या पापांचा हिशेब आपल्याकडे मागितला जातो. एस्टोनियात जन्मलेल्या 'डिस्को एलिसियम'मध्ये (२०१९) दारूने स्मृती गमावलेल्या पोलिसाची २४ कौशल्यं त्याच्या डोक्यात बोलतात, भांडतात, चुकीचे सल्लेही देतात. कौशल्य वापरताना टाकलेले फासे उलटे पडले तरी कथा सहसा अडत नाही. फजितीतूनच पुढचा प्रसंग उभा राहतो. सहकारी किम किट्सुरागी हे सगळं पाहत असतो, आणि हळूहळू त्याच्यापुढे लाज खेळाडूलाच वाटू लागते. या माध्यमाने एवढी सूक्ष्म भावना क्वचितच गाठली आहे.

'बाल्डर्स गेट ३'चं (२०२३) कौतुक त्यातल्या अफाट पर्यायांसाठी झालं. मला त्यातला 'डार्क अर्ज' हा नायक अधिक मोलाचा वाटतो. त्याच्या मनात उसळणारी खुनाची ऊर्मी रोखायची, तर काही प्रसंगी फासे टाकावे लागतात. सद्वर्तनाची इच्छा पुरत नाही, हे तिथे खेळाचं गणितच सांगतं.

म्हणून किती शेवट आणि किती तासांची कथा, या जाहिरातीतल्या आकड्यांवर आरपीजी जोखणं समीक्षेने सोडून द्यावं. संवाद लिहिणारे आणि नियम रचणारे पहिल्या दिवसापासून एकत्र बसले, तरच नायकाची व्यथा खेळाडूच्या हातापर्यंत पोहोचते. नाहीतर उरते ती दोन लढायांमध्ये दाखवलेली चित्रफीत, आणि तेवढ्यासाठी सिनेमा आहेच.