शेवटचे कडवे

मराठी लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगायला बसले की आपण गाणी मोजू लागतो. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले ‘गीतरामायण’ आणि 2016चा ‘सैराट’ यांच्या मधली नावेही बहुतेकांना पाठ असतात. यादी खोटी नाही. पण ती मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत बसून केलेली आहे. जालना-मंठ्याकडून येणारा रस्ता सेलूला आणि जिंतूरला फुटतो त्या परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर उभे राहून पाहिले, तर या इतिहासाचे टप्पे वेगळ्याच ठिकाणी पडतात. इथल्या हॉटेलात, काळी-पिवळीत आणि ट्रॅक्टरवर काय वाजावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कधी कोणाकडे गेला, यावरून ते टप्पे पडतात. माझ्या मते लोकप्रिय संगीताचे मोठे क्षण म्हणजे ही अधिकाराची हस्तांतरणे. आज चाललेल्या हस्तांतरणात ऐकणाऱ्याला सगळे मिळाले, फक्त कवी हरवला.

आधी अधिकार आकाशवाणीकडे होता. तिथे 1940 ते 1971 हार्मोनियमला बंदी होती. ज्या पेटीवर जलसा, भजन, कव्वाली उभी राहते, तीच पेटी सरकारी माध्यमाला चालत नव्हती. 1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांनाही दार लावले. हे केसकर मराठीच. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि शास्त्रीय संगीताला त्याचा लाभही झाला, हे मान्य करायलाच हवे. पण श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 1957मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांच्या कानावर पहारा बसवता येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर खरी उलथापालथ 1980च्या दशकात कॅसेटने केली. आंबेडकरी जलसा त्याच्या कितीतरी आधीचा. भीमराव कर्डकांची मंडळी 1930च्या दशकातच गावोगाव फिरत होती. पुढे वामनदादा कर्डकांनी उभे आयुष्य भीमगीते लिहिण्यात आणि गाण्यात घालवले. मात्र हे गाणे ऐकायचे तर गायक गावात यावा लागे. प्रल्हाद शिंदे यांच्या तबकड्या होत्या, पण तबकडी वाजवण्याचे यंत्र किती घरांत होते? कॅसेट स्वस्त होती आणि ती सेलवर चालणाऱ्या टेपवरही वाजे. भीमगीत वस्तीतल्या घरात शिरले, टेप बसवलेल्या गाडीतून फाट्यावर आले आणि मुख्य म्हणजे ज्यांनी ते कधी मुद्दाम ऐकले नसते त्यांच्याही कानी पडले. आंबेडकर जयंतीला भीमगीत गाणारा प्रल्हाद शिंद्यांचाच आवाज आषाढीला विठ्ठलाचे गाणे गाई. गावाने वेगळ्या ठेवलेल्या दोन वस्त्या निदान त्या आवाजापुरत्या एक होत होत्या. ही घटना मला कुठल्याही गाजलेल्या चित्रपटगीतापेक्षा मोठी वाटते.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. कॅसेटने चाळणीच काढून टाकली, द्वयर्थी गाण्यांचा पूर आला, चाली सिनेमातून उचलल्या गेल्या, असे जाणकार म्हणतात. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’कडे तेव्हाही बोट दाखवले जाई. पूर आला हे खरे. पण चाळणी होती तेव्हा तिने फक्त उथळ गाणीच अडवली नव्हती. पेटीही अडवली होती. चाली उचलण्याचा दोष तर लागूच होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा कीर्तन-लावणीच्या ओळखीच्या चालींचाच आधार घेतला. वामनदादांचे पहिले गीतही एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. चाल ओळखीची असली की श्रोत्याचे सगळे लक्ष शब्दांकडे जाते. ज्याला विचार पोचवायचा आहे त्याला हेच हवे असते.

आता अधिकार मोबाइलकडे आला आहे. त्याचे देणे मोठे आहे. हातात एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात कुठल्याही कंपनीविना महाराष्ट्रभर पोचल्या. पण याच मोबाइलवरून निघालेले रिमिक्स डीजेच्या भिंतीवर चढते तेव्हा ठेका उरतो, धृपद उरते आणि शेवटचे कडवे कापले जाते. भीमगीताचा कवी आपले नाव त्याच कडव्यात गुंफतो. ही रीत अभंगाची. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईचे नाव सातशे वर्षे टिकले, त्यात या नाममुद्रेचा वाटा मोठा आहे. वामनदादा 2004मध्ये गेले. त्यांची गाणी रोज वाजतात आणि वाजवणाऱ्या कित्येकांना ती कोणाची हे ठाऊक नसते. पूर्वी बंदीने जे साधले नाही ते घाईने साधते आहे. म्हणून जयंती मंडळांना, डीजेवाल्यांना आणि व्हिडिओ चढवणाऱ्या तरुणांना एवढीच विनंती आहे: गाणे पूर्ण वाजवा, आणि खाली गायकाच्या नावाआधी कवीचे नाव लिहा.