मुंबईची वीज कुणी घालवली? एका अहवालाचं वाचन

स्मार्ट ग्रिडच्या सुरक्षेवर पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास उमटतं: '१२ ऑक्टोबर २०२० रोजी सायबर हल्ल्यामुळे मुंबई अंधारात गेली.' मीही ते लिहिलं होतं. संदर्भ दिला होता रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीच्या २०२१च्या अहवालाचा. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "हे अहवालात कुठल्या पानावर आहे?" मी शोधलं. कुठल्याच पानावर नव्हतं. (आणि अंधार कसला, सकाळचे दहा वाजले होते.)

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून तो अहवाल आज आपण नीट वाचूया.

अहवाल रेडएको नावाच्या, चीनशी संबंधित गटाबद्दल आहे. भारतातल्या बारा संस्थांची नावं त्यात आहेत. त्यांतल्या दहा वीजक्षेत्रातल्या, आणि देशातल्या पाच प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांपैकी चार त्यांत येतात. उरलेल्या दोन संस्था म्हणजे बंदरं, आणि त्यातलं एक मुंबई पोर्ट ट्रस्ट. आम्हा माझगावकरांच्या हे लगेच डोळ्यांत भरतं, कारण दारूखान्याकडे गेलं की पोर्टचीच हद्द लागते. पण मुंबईच्या विजेसाठी महत्त्वाचं नाव कुठलं? महाराष्ट्राचं राज्य भार प्रेषण केंद्र. राज्यातल्या वाहिन्यांवर कुठे किती भार आहे, हे पाहणारं ते केंद्र. दिल्ली आणि तेलंगणाची राज्य केंद्रं यादीत आहेत, महाराष्ट्राचं नाही.

मुंबईच्या घटनेचा उल्लेख अहवालात येतो तो भारतीय वृत्तपत्रांतल्या बातमीच्या आधाराने. आणि तिथेच लेखक स्पष्ट म्हणतात की वीज जाणं आणि सापडलेलं मालवेअर यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. माझ्या मते अख्ख्या अहवालातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच, आणि उद्धृत करताना नेमकं हेच गळतं. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने अहवालाची बातमी मुंबईच्या बत्तीगुलशी जोडून दिली. १ मार्चला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या तपासाचा हवाला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. दोन सरकारं, दोन कारणं. आपल्यासारखे संशोधक मग सोयीचं ते उचलतात. सायबर सुरक्षेवर पेपर लिहिणाऱ्याला 'मानवी चूक' कशाला परवडेल?

अहवालाची पद्धतही समजून घ्या, कारण ती वाईट नाही. लेखक भारतीय संस्थांच्या आत गेलेले नाहीत. शॅडोपॅड हे मालवेअर चालवणारे सर्व्हर त्यांनी बाहेरून ओळखले आणि भारतातल्या कुठल्या पत्त्यांवरून त्या सर्व्हरशी बोलणं चालू आहे ते पाहिलं. घराबाहेर उभं राहून कोण आलं-गेलं याची नोंद ठेवावी तसं. घुसखोरीचा संशय यावरून पक्का होतो. आत त्या माणसाने कुठल्या बटणाला हात लावला, हे मात्र त्या जागेवरून दिसूच शकत नाही. मर्यादा पद्धतीची आहे, आणि लेखकांनी ती ओलांडलेली नाही. ओलांडली आपण.

याच्या शेजारी युक्रेनचा अहवाल ठेवा. २३ डिसेंबर २०१५ला तिथल्या तीन वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. अमेरिकेतल्या ई-आयसॅक आणि सॅन्स या संस्थांचं त्यावरचं विश्लेषण मार्च २०१६मध्ये आलं. फसव्या ईमेलपासून चोरलेल्या पासवर्डपर्यंत, तिथून दूरवरून उघडलेल्या ब्रेकरपर्यंत कडीला कडी जोडलेली आहे. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरत होता. 'हल्ल्यामुळे वीज गेली' या वाक्यातलं 'मुळे' तिथे कमावलेलं आहे.

मुंबईत काय झालं? कळवा, पडघा, खारघर या बाजूने शहराला वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. काही आधीपासून बंद होत्या, मग उरलेल्यांवर भार चढला. लोकल जागीच थांबल्या, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. माझगावात मीटर बेस्टचा असतो आणि 'इथे वीज जात नाही' ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती उगाच नव्हती. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईने त्यातून सुटून स्वतःच्या विजेवर तगून राहावं, अशी आयलंडिंगची व्यवस्था १९८०च्या दशकापासून आहे. ट्रॉम्बे, डहाणू, आणि खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जलविद्युत या तिच्या जमेच्या बाजू. पण बेट टिकायचं तर सुटण्याच्या क्षणी आतली निर्मिती आणि आतला भार यांचा मेळ बसावा लागतो. तफावत मोठी असली की वारंवारता घसरते, रिले काही भार तोडतात, तेवढं पुरलं नाही तर जनित्रंही स्वतःला वाचवायला बाहेर पडतात. त्या दिवशी ही व्यवस्था शहर वाचवू शकली नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. हल्लेखोर होता की नव्हता यावर आपण शाई घालवली, आणि बेट का टिकलं नाही हा प्रश्न जुन्या पठडीतला म्हणून सोडून दिला. वास्तविक सुरक्षेचा प्रश्न तोच आहे. दोन वाहिन्या बंद असताना आणि शहरातली निर्मिती कमी असताना तिसरी वाहिनी ठिणगीने गेली काय किंवा कुणी मुद्दाम उघडली काय, रिलेला फरक कळत नाही. शत्रूला फार हुशार असण्याची गरजच नाही, त्याला फक्त योग्य दिवस माहीत हवा.

आता आपले पेपर पाहा. लिऊ, निंग आणि रायटर यांनी २००९मध्ये दाखवलं की मोजमापांत ठरावीक पद्धतीने खोटे आकडे मिसळले तर नियंत्रण केंद्राची चूक पकडणारी गणितं ते पकडू शकत नाहीत. पेपर उत्तम आहे, अवश्य वाचा. त्यानंतर मात्र त्याच साच्यातून पेपरांचा पूर आला, आणि त्यातले बहुतेक आयईईईच्या १४ किंवा ११८ बसच्या नमुन्यावर तपासलेले असतात. हे नमुने अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या वीजजाळ्याच्या एका तुकड्याचे आहेत, १९६२ सालचे. त्यात समुद्राने वेढलेलं, बाहेरून मोजक्या वाहिन्यांवर लटकलेलं शहर नाही. बेट करणारे रिले नाहीत. ४०० केव्हीची वाहिनी २०२३मध्ये खारघरहून विक्रोळीपर्यंत आली, तिने धोका किती कमी झाला, हेही त्यात मोजता येत नाही.

खरा डेटा मिळत नाही, ही अडचण मला मान्य आहे. जाळ्याचे नकाशे कुणी हातात देणार नाही आणि देऊही नये. पण मुंबईसारखा दिसणारा छोटा नमुना आपला आपण बांधता येतो: आत दोन-तीन प्रकारची निर्मिती, बाहेरून चार वाहिन्या, कमी वारंवारतेचे रिले आणि भाराचा अंदाज. मी सध्या तेच करतोय. पहिल्या आवृत्तीत माझं बेट दर वेळी बुडत होतं, कारण रिलेला लागणारा वेळच मी धरला नव्हता. आता कधीकधी तगतं. प्रस्तावातलं ते पहिलं वाक्य मी खोडलं आहे. तिथे सध्या एवढंच आहे: '१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची आयलंडिंग व्यवस्था अपयशी ठरली.'