फिरता रंगमंच : साक्ष आणि नकार

मराठी नाट्यसमीक्षेत नेपथ्याचा विचार बहुधा लेखाच्या अखेरच्या परिच्छेदात, प्रकाशयोजना आणि वेशभूषा यांच्या पंगतीत बसवून उरकला जातो. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाच्या वाट्यालाही हेच आले. मो. ग. रांगणेकरांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. त्यातील फिरत्या रंगमंचाची नोंद तेव्हापासून एक नवलाई म्हणून होत आली आहे. दृश्यबदलाचा वेळ वाचला, प्रेक्षक चकित झाला, एवढ्यावर ही नोंद थांबते. वस्तुतः या नाटकाचा रूपबंधच त्या फिरण्यात आहे.

नाटकाची चौकट न्यायालयाची आहे. साक्षीदार सांगू लागतो, रंगमंच फिरतो आणि सांगितलेली घटना घडताना दिसते; मग पुन्हा न्यायालय येते आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा लखोबा लोखंडे आपले ठरलेले वाक्य उच्चारतो. हा नकार भाषेच्या पातळीवर अभेद्य आहे. विधानाला विधानाने छेद देता येतो, आणि लखोबा त्या खेळात वाकबगार आहे. पण प्रेक्षकाने दिवाकर दातार पाहिलेला असतो, कॅप्टन अशोक परांजपे पाहिलेला असतो, राधेश्याम महाराजही पाहिलेले असतात आणि या सर्वांचा देह प्रभाकर पणशीकरांचाच असतो. न्यायासनासमोर फक्त ऐकीव वृत्तांत आहे; प्रेक्षागृहात मात्र प्रत्येक जण प्रत्यक्षदर्शी आहे. ‘हा कोण’ ही उत्कंठा त्यामुळे उरत नाही. ‘आता हा कसा नाकारणार’ ही उरते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. समोर दिसते ते तरी सत्य कशावरून? तेही साक्षीदाराचेच कथन आहे. रंगमंच फिरतो तो फिर्यादी पक्षाच्या शब्दावर. आरोपीच्या नकाराला स्वतःचे दृश्य मिळत नाही. म्हणजे यंत्र तटस्थ नाही, ते साक्षीला पुराव्याचा दर्जा बहाल करते. पण हेच यंत्र लखोबालाही सामील आहे. एक बाजू प्रेक्षकांसमोर असताना मागच्या अंधारात नट पोशाख, मिशा, चाल आणि बोली बदलत असतो. रंगमंचाचा वेग हा त्याच्या वेषांतराचा वेग ठरतो, आणि टाळी पडते ती त्या चलाखीला. दोषी ठरवणारे आणि दोषीवर लुब्ध करणारे साधन एकच आहे. एक बाजू दाखवायची व दुसरी झाकायची, हा लखोबाचा धंदा आहे आणि फिरत्या चकतीचाही.

या दृष्टीने इतर परंपरांशी तुलना उद्बोधक ठरते. जपानी काबुकीत नामिकी शोझो याने १७५८ साली ओसाका येथे फिरता रंगमंच आणला. युरोपात कार्ल लाउटेनश्लेगरने तो १८९६ मध्ये म्युनिकला मोझार्टच्या ऑपेरासाठी उभारला. ब्रेख्तच्या ‘मदर करेज’च्या १९४९ च्या बर्लिन प्रयोगात गाडा पुढे ओढला जातो आणि पायाखालची चकती उलट फिरते, चालणे दिसते, पोहोचणे घडत नाही. तेथे यंत्र युद्धाच्या निष्फळतेचे भाष्य करते. अत्र्यांच्या नाटकात ते भाष्य करत नाही, ते साक्ष देते. आपल्याकडील परंपरेत याला पूर्वाधार नव्हता. रंगवलेले पडदे गुंडाळले जात. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने रुजवलेला वास्तववादी दिवाणखाना तर अंकभर हलत नसे.

यंत्राचे व्यवहारही अर्थापासून अलिप्त नाहीत. उदाहरणादाखल, चोवीस फूट व्यासाची चकती अर्धी फिरायची तर तिच्या कडेला सुमारे अडतीस फूट जावे लागते. हे दहा सेकंदांत साधले तर कडेवर उभा असलेला नट माणसाच्या शांत चालीने सरकतो. याहून घाई केली तर तो तोल सावरू लागतो आणि न्यायालयाचे गांभीर्य डळमळते. दौऱ्यासाठी चकती तुकड्यांत सुटी व्हावी लागते, तिच्या चाकांना सपाट जमीन लागते, आणि भारी सामान एका अंगाला आले तर ती अडखळते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात हा प्रश्न टोकदार होतो. निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले उल्हासनगर, शेजारी १९५० च्या दशकापासून यंत्रे घडवणारी यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्याचे अंबरनाथ : लेथवर तोल चुकलेला जॉब कसा थरथरतो हे जाणणारा कामगार येथे प्रेक्षक असू शकतो. पण उत्सवाच्या मैदानी मंचावर, जेथे फळ्या पायाखाली दबतात, तेथे चकती बसणे कठीण. अशा ठिकाणी दिवे घालवून दृश्य बदलले तर कथानक तसूभरही हरवत नाही. हरवते ते वेगळेच. काळोखात न्यायालय नाहीसे होते. फिरताना ते नाहीसे होत नाही, पाठमोरे जाते. घटनेच्या मागे न्यायालय आणि न्यायालयाच्या मागे घटना अखंड उभी आहे, ही जाणीव काळोख देऊ शकत नाही. लगतच्या कल्याणात पक्के नाट्यगृह आहे, आणि योगायोग असा की ते आचार्य अत्रे यांच्याच नावाचे आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून हे नाटक वाचले जाते ते मुद्रित संहितेतून. दोन प्रवेशांमधली कोरी जागा डोळा सहज ओलांडतो. त्याच जागेत पणशीकरांनी हजारो वेळा अंधारातून धावत जाऊन पोशाख बदलला होता.