‘राज्य करायला आलो’ : एका आख्यायिकेची चिकित्सा

तिसऱ्या सयाजीराव महाराजांचे मराठी चरित्र उघडावे, तर आरंभीच तो प्रसंग बहुधा भेटतोच. कवळाण्याहून आणलेल्या मुलांना, येथे कशासाठी आलात, असे विचारले जाते. इतर मुले गोंधळतात आणि बारा वर्षांचा गोपाळराव, राज्य करण्यासाठी आलो, असे निःशंकपणे सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली आहे. ती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. चरित्रकार तिच्याकडून जे काम करून घेतात, त्यावर माझा आक्षेप आहे.

या गोष्टीमुळे गादी हे गुणांचे पारितोषिक ठरते. गायकवाडांच्या घराण्यात मात्र वारसा असा कधी ठरलाच नव्हता. आपल्या डभोईच्या परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी त्र्यंबकराव दाभाडे पडले. सेनापतिपद त्यांच्या अल्पवयीन मुलाकडे गेले आणि सत्ता मुतालिक गायकवाडांच्या हाती आली. १७६८मध्ये दमाजीराव वारले, तेव्हा ज्येष्ठ पुत्र सयाजीराव दुर्बल मनाचे, तर गोविंदराव थोरल्या राणीचे. वयाने थोर की आईच्या मानाने थोर, हा वाद पुण्याच्या दरबारात गेला. पेशव्यांनी आधी एकाला वस्त्रे दिली, १७७१मध्ये दुसऱ्याला. नियम होता, नाही असे नाही. पण त्याचा अर्थ नजराण्याबरोबर बदलत असे.

१८७०च्या नोव्हेंबरात खंडेराव महाराज गेले, तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांची गादी गेली असती. जुलै १८७१मध्ये ताराबाईंचा जन्म झाला आणि ती राहिली. पुढे रेसिडेंट फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या चौकशीत तिघा इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी मानले, तिघा हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध मानला नाही. तरीही एप्रिल १८७५च्या जाहीरनाम्याने मल्हारराव पदच्युत झाले, तेही विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभाराच्या कारणाने; आणि त्यांच्या संततीचाही हक्क बुडाला. लक्ष्मीबाईंपासून झालेला त्यांचा मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता.

हे तान्हे मूल आख्यायिकेत कोठेच नाही. जमनाबाईंना दत्तकाची परवानगी मिळाली, पण मुलाची निवड हिंदुस्थान सरकारने करावयाची होती. पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांच्या शाखेतील काशीरावांचा मुलगा त्या चौकटीत बसला आणि २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. गोपाळरावांचे उत्तर बाणेदार खरे. परंतु त्या उत्तराने गादी मिळाली, असे वाचकाला वाटू देणे ही चरित्रकाराची चतुराई आहे, आणि ती मला पटत नाही. महाराजांच्या पुढील कर्तृत्वाला अशा शकुनाची गरज काय?

शिवाय या कथनात जमनाबाई केवळ श्रोत्या उरतात. मल्हाररावांच्या भीतीने बडोदे सोडून पुण्यास राहिलेली, मुलगी झाली म्हणून हक्क गमावलेली ही विधवा चार वर्षांनी परतली, ती वारसाच्या निवडीसमोर बसण्यासाठी. कवळाण्याच्या मुलांकडे पाहताना तिला काय वाटले असेल, हे विचारण्याची उसंत चरित्रकारांनी क्वचितच घेतली आहे.