सोसण्यापलीकडची माणसं

मराठीतली सर्वांत लाडकी आई नाशिकच्या तुरुंगात कागदावर उतरली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ तिथे लिहिली ती फेब्रुवारी १९३३ मध्ये. तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, नाशिकलगतच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. बागुलांचीही ‘आई’ नावाची एक कथा आहे. ही आई दलित वस्तीतली विधवा, राबून पोराला वाढवणारी. इथवर वाचक तिला ओळखतो. पण तिला मुकादमाची ओढ आहे. तिचं शरीर अजून तरुण आहे, आणि वस्तीच्या बोलण्यानं पेटलेला तिचा पांडू तिच्याकडे संशयानं पाहतो. बागूल तिला देवी करत नाहीत आणि बिचारीही करत नाहीत. तिला हवं ते हवं असू देतात.

वेगळ्या समाजातलं पात्र खरं कधी वाटतं, याचं याहून नेमकं उत्तर मला मराठीत सापडलेलं नाही. त्या पात्राला स्वतःची इच्छा असावी लागते, आणि ती लेखकाच्या भूमिकेला गैरसोयीची ठरली तरी टिकावी लागते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतही हेच दिसतं. नोकरीसाठी गुजरातेत गेलेला तरुण जात लपवतो. त्याच्या मनात भीती आहे, पण कवी म्हणून मिळणाऱ्या मानाची गोडीही आहे. त्याच्याच समाजातला काशिनाथ मात्र जात लपवायला तयार नाही. दोघांवरचा अन्याय एकच, स्वभाव मात्र दोन. तेवढ्यानं कथेत माणसं उभी राहतात.

आजच्या कथा-कादंबऱ्या आणि दिवाळी अंक वाचताना पात्रांची विविधता वाढलेली दिसते, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. आदिवासी, भटके, मुसलमान, समलिंगी माणसं आता कथेत येतात. पण बहुतेकदा ती सोसायलाच येतात. तेवढं झालं की लेखकाचं काम संपतं.

नाशिक जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. मार्च २०१८ मध्ये इथून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. त्यात सुरगाणा-पेठकडचे आदिवासी मोठ्या संख्येनं होते. भेगाळलेल्या, रक्ताळलेल्या पावलांची छायाचित्रं देशभर गेली, आणि त्यांनी आपलं काम चोख केलं. कथेचं काम मात्र त्या पावलांच्या वर सुरू होतं. त्या पावलांनी चालणारी बाई कुणावर चिडलेली होती? वनपट्टा नवऱ्याच्या नावावर व्हावा की आपल्या, यावर घरात भांडण झालं होतं का? पेठ-सुरगाण्याचे मजूर द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडला उतरतात. गोडी छाटणीत काडीवरचा डोळा पाहून कात्री कुठे लावायची, हे त्यांचे हात जाणतात. या कसबाचा अभिमान, टोळीतली चढाओढ, उचल घेऊन पळालेल्या पोराची गंमत कथेत आली, तर तो मजूर कुणाच्या दयेवर उभा राहणार नाही.

अस्सलपणासाठी बोलीचा आधार घेतला जातो, त्याबद्दल माझा आक्षेप आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे अहिराणीत किंवा कोकणीत (सुरगाण्याच्या कोकणा समाजाच्या) टाकले की वेगळेपणाची सोय झाली, असं समजलं जातं. त्यात पात्र बोलतं, पण विचार लेखकच करतो. बागुलांचं निवेदन तर भरघोस, संस्कृत शब्दांनी जड आहे. तरीही त्यातली माणसं परकी वाटत नाहीत, कारण त्यांचा संताप आणि लाज आतून आलेली आहे.

मग बाहेरच्यानं लिहूच नये का? असं मी कधीच म्हणणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वाडीवर गेलेला तरुण मास्तर सांगतो. त्याचं नवखेपण ते झाकत नाहीत. वाडी त्याला जेवढी कळते तेवढीच आपल्याला कळते. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मधल्या ठाकर समाजातल्या नाग्याला राणीमाशी पाहायची आहे, आणि त्याचा हा हट्ट त्याचाच आहे. कुठल्याही सुधारणेसाठी तो राबत नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातली समलिंगी मित्रा हट्टी, हक्क गाजवणारी आहे. सच्चेपणासाठी तिला गोड करावं लागलं नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) भाऊ आणि बहीण एकाच पुरुषावर प्रेम करतात. समलिंगी नातं तिथे प्रश्न म्हणून येत नाही. ते घरात, भावंडांत, विरहात येतं.

मालेगावबद्दल मात्र मला बेचैनी वाटते. याच जिल्ह्यातलं यंत्रमागांचं, उर्दू बोलणारं हे शहर बातम्यांत दंगल आणि स्फोटांसाठी येतं. तिथल्या तरुणांनी हौसेनं ‘मालेगाव के शोले’ बनवला, मग आपला सुपरमॅन. त्या सुपरमॅनचं काम करणारा माणूस मागावर राबणारा होता. त्यांच्या या धडपडीवर २००८ मध्ये माहितीपट झाला, नंतर हिंदी चित्रपटही. मराठी कादंबरीत मालेगावचा असा मुसलमान माझ्या वाचनात आलेला नाही, ज्याला सिनेमाचं वेड आहे, बायकोशी पटत नाही, मागाचा हप्ता थकला आहे आणि ज्याचा धर्म त्याच्या दिवसाचा फक्त एक भाग आहे. नाशिकहून मालेगाव दोन-अडीच तासांवर आहे. तिथल्या चहाच्या टपरीवर बसून ऐकायला लेखकाला कुणी अडवलेलं नाही.