हे आकडे कोणी ठरवले?

लांडगे झाले, देवमासे झाले, काजवे, वटवाघळं, कोकिळा झाल्या. इष्टतम उत्तर शोधणाऱ्या अल्गोरिदमांच्या या प्राणिसंग्रहालयात भर पडतेच आहे, आणि पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही त्यातला एखादा प्राणी उचलायचा, दुसऱ्याशी त्याचा संकर करायचा आणि प्रबंध बांधायचा, ही वाट रुळली आहे. अशा प्रबंधात पॅरामीटरांचा एक छोटा तक्ता असतो. समूहाचा आकार इतका, हा गुणांक तितका. खाली एकच वाक्य: हे आकडे प्रयोगांती निवडले. माझा राग या वाक्यावर आहे. किती प्रयोगांती? कोणत्या प्रश्नांवर? आणि ज्या जुन्या अल्गोरिदमला हरवल्याचा दावा आहे, त्याच्या आकड्यांसाठी तेवढीच मेहनत घेतली का?

प्राण्यांचा निकाल कधीच लागला आहे. संगीतावरून नाव घेतलेली हार्मनी सर्च ही पद्धत जुन्या इव्होल्यूशन स्ट्रॅटेजीचीच एक विशेष आवृत्ती आहे, हे वेलँडने २०१० मध्ये दाखवलं. लांडगा, देवमासा, काजवा, वटवाघूळ यांच्यासह सहा अल्गोरिदमांचे मुखवटे कामाचो-व्हियालोन, डोरिगो आणि श्ट्युट्झले यांनी २०२३ मध्ये उतरवले. त्याआधी २०२२ मध्ये कुडेलाने दाखवलं, की अशा अनेक पद्धती आपोआप शून्याकडे ओढल्या जातात. चाचणीच्या फंक्शनचं उत्तर शून्यावरच असलं की त्या जिंकतात. उत्तर थोडं बाजूला सरकवलं की उघड्या पडतात. यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

खरं काम दुसरीकडे, अल्गोरिदमला आपले आकडे स्वतःच जुळवायला शिकवण्यात, झालं आहे. रेशेनबर्गचा एक-पंचमांश नियम १९७३ च्या पुस्तकातला आहे. पाचातल्या एकापेक्षा जास्त उड्या यशस्वी होत असतील तर पाऊल मोठं करा. कमी होत असतील तर लहान करा. प्रोग्राममध्ये जेमतेम दोन-तीन ओळी, पण त्या ओळींनी पावलाची लांबी माणसाच्या हातून काढून शोधाच्या हाती दिली. पुढे हान्सेन आणि ओस्टरमायर यांच्या सीएमए-ईएस या अल्गोरिदमने फक्त लांबी नाही, तर दिशाही शिकून घेतली. कोणत्या बाजूला लांब पाऊल टाकायचं आणि कोणत्या बाजूला आखूड, हे तो यशस्वी ठरलेल्या पावलांवरूनच ठरवतो. समूहाचा आकारसुद्धा मनाला येईल तो नाही. चलांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, त्याला ३ ने गुणून अपूर्णांक सोडा, त्यात ४ मिळवा. १० चलांना आकार येतो १०. तेवढ्याने भागलं नाही तर? ऑजर आणि हान्सेन यांनी २००५ मध्ये उत्तर दिलं: शोध अडकला की समूह दुप्पट करून पुन्हा सुरू करायचा. वापरणाऱ्याने काहीही जुळवत बसायचं नाही.

जिथे आकडे आधीच ठरवावे लागतात तिथेही शिस्त आहे. आयरेससारखं साधन अनेक पॅरामीटर-संचांची शर्यत लावतं, संख्याशास्त्रीय कसोटीवर मागे पडलेले बाद करतं आणि उरलेला वेळ चांगल्यांवर खर्च करतं. ते मोफत मिळतं.

सुरतेच्या व्यंकट राव यांचा २०१६ चा ‘जय’ अल्गोरिदम आपल्याकडे फार लाडका आहे. त्याला स्वतःचा म्हणून एकही पॅरामीटर नाही, हे त्याचं मोठेपण सांगितलं जातं. पण समूहाचा आकार आणि फेऱ्यांची संख्या द्यावीच लागते. मुख्य म्हणजे पॅरामीटर काढून टाकणं आणि पॅरामीटर जुळवायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत सोय आहे, दुसरीत बुद्धी.

म्हणून मला पुण्याच्या कोहॉर्ट इंटेलिजन्सकडून जास्त अपेक्षा आहे. आनंद कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत समूहातला प्रत्येक सदस्य इतरांची कामगिरी बघतो, कोणाच्या मागे जायचं ते संभाव्यतेने ठरवतो आणि आपली शोधकक्षा आवळत नेतो. ती किती आवळायची याचा गुणांक मात्र बाहेरून द्यावा लागतो. फार आवळली तर शोध चुकीच्या खळग्यात अडकतो, सैल ठेवली तर रेंगाळतो. कोणाकडून शिकायचं हे ज्याला कळतं, त्याला कक्षा किती आवळायची हे का कळू नये? पुढे ईशान काळे आणि कुलकर्णी यांनी प्रश्नातली बंधनं मोडणाऱ्या उत्तराला बसणाऱ्या दंडाचं प्रमाण हाताने न भरता शोधातूनच ठरू देणारी स्व-अनुकूली पद्धत आणली. माझ्या मते पुण्याच्या या कामातलं सर्वांत मोलाचं पाऊल ते आहे. नवी नावं आणि नवे संकर यांच्यापेक्षा त्याच वाटेवर दहा जणांनी पुढे जायला हवं होतं.

‘सगळ्या प्रश्नांवर श्रेष्ठ असा एकही अल्गोरिदम नाही’ हे वोलपर्ट आणि मॅक्रेडी यांचं १९९७ चं प्रमेय नव्या प्राण्याच्या बारशाला हमखास काढलं जातं. पण ते प्रमेय कल्पनेतल्या यच्चयावत प्रश्नांबद्दल आहे. चाकणच्या कारखान्यात मशीनवर कामांचा क्रम लावायचा असतो तेव्हा त्या प्रश्नाला घडण असते, आणि ती घडण ओळखणं हेच शोधाचं काम आहे. तिथे दुपारच्या पाळीला मशीन बंद पडतं, तातडीची ऑर्डर येते, आणि सकाळी जुळवलेले आकडे निकामी होतात. ते पुन्हा जुळवायला पीएचडीचा विद्यार्थी तिथे बसलेला नसतो. जो अल्गोरिदम चालता चालता स्वतःला बदलू शकत नाही, त्याचा त्या कारखान्याला उपयोग काय?

गाइडांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे. पॅरामीटर जुळवण्यावर किती वेळ गेला ते प्रबंधात छापायला लावा. प्रतिस्पर्ध्यालाही तेवढाच वेळ द्यायला सांगा. आकडे ज्या प्रश्नांवर जुळवले त्याच प्रश्नांवर परीक्षा घेऊ नका. तुलनेला सीएमए-ईएस ठेवा आणि प्रोग्राम सगळ्यांना खुला करा. यातलं काहीही अवघड नाही, खर्चाचं तर नाहीच. हे ज्या प्रबंधात नाही, तो परत पाठवा.